डोळ्याखालचा भोवरा

हेरेस, स्पेन
३ फेब्रुवारी २०२५

ती. दौलतमामा व मालनमामी यांस,
मृणालचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायला तुम्ही तयार नाही, म्हणून हे हाताने लिहिलेलं पत्र. फोटो सान्वीला पाठवते आहे. ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात काढून देईल. उत्तरही असंच पाठवा. तुमच्या नातीला या टपालखात्याबद्दल आठवड्याला एक आईस्क्रीम माझ्याकडून.

इथे घरागणिक घोडे आहेत. सकाळी पावाच्या दुकानासमोरसुद्धा एक बांधलेला असतो आणि कोणी मान वळवून पाहत नाही. जेवायला बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट. मामीच्या हातच्या भाकरीची फार आठवण येते, पण ते आत्ता नको.

प्रमोदिनीबाईंनी निघताना पुन्हा बजावलं आहे. त्यांच्या घोडबंदर रोडच्या शाळेत लहान मुलं रपेट शिकतात, काहींना तर स्वतःच्या पायावर नीट उभंही राहता येत नाही. तेव्हा घोडा शांत हवा, आणि एकच घ्यायचा आहे. चुकला तर दुसरा आणायची सोय नाही. शिवाय त्यांची अट आहे की, दौलतरावांनी हो म्हटल्याशिवाय व्यवहार करायचा नाही. माझी पशुवैद्यकाची पदवी गेली चुलीत. ठाणे-कल्याणात वरातीच्या घोड्यांचा शेवटचा जाणकार म्हणून त्यांच्या सासूबाईसुद्धा तुमचंच नाव घेतात.

तेव्हा सांगा, काय काय पाहू? मी इथे तीन महिने शिकायला राहणार, घोडा आधी येईल. तो उतरवून घ्यायला तुम्हीच हवे.

लोभ आहेच, तो असाच वाढू द्यावा.
तुमची,
मृणाल

*

विठ्ठलवाडी
६ फेब्रुवारी २०२५

चि. मृणाल हिला दौलतमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. सान्वीने तीनदा वाचून दाखवले, कारण झेरॉक्सवाल्याने अर्धे पान कापले होते.

घोडबंदराला पूर्वी अरबांचे घोडे गलबतातून उतरत असे म्हणतात. आता माझी भाची विमानातून उतरवणार. तुझी आई असती तर गल्लीभर सांगत फिरली असती. तिच्या वाटचे मी सांगून आलो आहे. चहावाल्याला अजून खरे वाटत नाही.

आता कामाचे ऐक. दात बघ, खूर उचलून बघ, मागे उभी राहून चाल बघ. हे तुला कॉलेजात शिकवले असेल. जे शिकवले नाही ते म्हणजे भोवरे. घोड्याच्या अंगावर केस फिरतात ती जागा. गळ्याखाली देवमण असेल तर डोळे मिटून घे, घराला बरकत. पण डोळ्याखाली भोवरा असेल तर त्याला आसूढाळ म्हणतात. अश्रू ओघळतात तिथेच तो असतो. असला घोडा मालकाला रडवतो. सोन्याचा असला तरी हात लावायचा नाही. चाळीस वर्षे मी हे पाळले, म्हणून माझ्या शब्दाला किंमत आहे.

तीन वर्षांत घोड्याच्या अंगाचा वास घेतलेला नाही. सान्वीचा बाबा संदेश आता वरातीला गाड्या देतो, त्या पेट्रोल पितात आणि आपल्याकडे बघतही नाहीत. तू घोडा आण, मग आपण बघू.

कळावे. मामाची आठवण ठेवणे.
दौलत

ता. क. मी मालन लिहिते. हे दोन दिवस आरशासमोर फेटा बांधून बघत आहेत. घोडा यायला अवकाश आहे असे सांगितले तर म्हणाले, सराव हवा. तू तिथे नीट जेव.

*

हेरेस
१० फेब्रुवारी २०२५

ती. मामा-मामी,
सा. न. वि. वि.

मामीने फेट्याचं कळवलं ते फार बरं केलं. इकडची मंडळी विचारतात की मी मधेच एकटी का हसते.

बातमी अशी. आन्सेल्मो नावाच्या एका म्हाताऱ्याकडे एक घोडी पाहिली. करडी-पांढरी, अकरा वर्षांची, नाव पालोमा. आन्सेल्मोच्या पाच वर्षांच्या नातवाने तिच्या पोटाखालून पलीकडे रांगत जाऊन दाखवलं आणि तिने पाय हलवला नाही. मी ट्रॅक्टर सुरू करायला लावला, पत्र्याचा डबा आपटला, छत्री उघडली. तिने फक्त माझ्या खिशातलं सफरचंद शोधलं. मी वर बसले आणि मला एकदम सहा वर्षांची असल्यासारखं वाटलं. तुमच्या चांदणीवर बसवून तुम्ही मला स्टेशनपर्यंत न्यायचात ना, तसंच.

मग उतरून भोवरे पाहिले. डाव्या डोळ्याखाली, अगदी अश्रू ओघळेल तिथे, रुपयाएवढा भोवरा.

मामा, मी नको म्हणून सांगितलं. आन्सेल्मोला कारण समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. त्याने घोडीचा डोळा पाहिला, मग माझा पाहिला, आणि मला बसायला खुर्ची दिली. बहुधा ऊन लागलंय असं वाटलं त्याला.

दुसरा एक काळा घोडा आहे. देखणा, गळ्याखाली तुमचं देवमण आहे. थोडा बुजरा आहे, पण शिकेल. शुक्रवारी त्याच्या मालकाला शब्द द्यायचा आहे. तुम्ही खूश व्हाल म्हणून कळवते. मी आहे का खूश, ते विचारू नका.

आशीर्वाद असू द्यावेत.
मृणाल

*

विठ्ठलवाडी
११ फेब्रुवारी २०२५

चि. मृणाल,

आशीर्वाद. हे पत्र आजच्या आज पाठवायला सान्वीला शाळेतून लवकर आणले आहे. वरातीमागून घोडे नको म्हणून.

काळ्याला शब्द देऊ नकोस. बुजरा घोडा आणि लुळ्या पायांची पोरे, देवमण काय करणार आहे तिथे?

आता जे लिहितो ते तुझ्या मामीशिवाय कोणाला माहीत नाही. जत्रेत घोडा आवडला की मी त्याच्या अंगावर भोवरा शोधायचो आणि मान हलवायचो. विकणारा घाबरायचा, भाव उतरायचा. घोडा तोच, घरी आणला की गुणाचा. भोवरा हे आमचे भाव पाडायचे हत्यार. इतकी वर्षे चालवले की मलाच ते खरे वाटू लागले.

आणि चांदणी. तिच्याही डोळ्याखाली आसूढाळ होता. तू लहान होतीस, तुला तो तीळ वाटायचा. सहा वर्षे माझ्याकडे होती, एका नवरदेवाला ओरखडा आला नाही. मग टेंभी नाक्याच्या एका लग्नात नवरदेव घसरला आणि त्याचा हात मोडला. लोक जमले, माझ्याकडे बघू लागले. मी भोवऱ्याकडे बोट दाखवले. सगळ्यांना पटले. आठवड्यात मी तिला विकली. माझा धंदा वाचला, नाव वाढले की दौलत अशुभ घोडी दारात ठेवत नाही.

मृणाल, त्या दिवशी पोटाखालचा पट्टा, तंग, मी ढिला बांधला होता. घाईत होतो. खोगीर फिरले. ती तर नवरदेव पडल्यावर जागच्या जागी उभी राहिली, पाय उचलला नाही, नाहीतर तो तुडवला गेला असता.

तुला सांगितले की ती पुण्याला मोठ्या तबेल्यात गेली. ती माथेरानला भाड्याच्या घोड्यांत गेली. दोन वर्षांनी मी आणि मालन तिथे गेलो, तिने मला लांबून ओळखले आणि खिंकाळली. मी मान खाली घालून पुढे गेलो.

घोडी आण. प्रमोदिनीबाईंना हे मी स्वतः सांगेन. मग त्यांनी मला फाटकातून आत घेतले नाही तरी चालेल.

तुझा,
दौलतमामा

*

हेरेस
१६ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,
सा. न. वि. वि.

आधी चांगली बातमी. पालोमा आपली झाली. आन्सेल्मोने मला परत आलेली पाहून आधी खुर्चीच आणली.

आता दुसरं. तुमचं पत्र वाचून मला राग आला, खोटं कशाला लिहू. चांदणी पुण्याला सुखात आहे म्हणून मी तिसरीत तिला चित्र काढून पाठवलं होतं. तुम्हीच ते टपालाच्या पेटीत टाकायला नेलं होतंत. दिवसभर तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. संध्याकाळी पालोमाला खरारा करताना भांडण संपलं. तुम्ही लिहिलं नसतं तर मी काळा घेतला असता, तुम्ही खूश झाला असता, आणि एखादं पोर पडलं असतं. तेव्हाही आपण काहीतरी भोवरा शोधलाच असता.

प्रमोदिनीबाईंना मी काही कळवलेलं नाही. फक्त एवढंच की दौलतमामांनी हो म्हटलं. बाकीचं तुमच्या तोंडून. घोडामैदान जवळच आहे.

मामीला सांगा, चित्राचं काय झालं ते तिने कळवावं.

माया पातळ होऊ देऊ नये.
मृणाल

*

विठ्ठलवाडी
२ मे २०२५

चि. मृणाल हिला अनेक आशीर्वाद.

घोडे गंगेत न्हाले. विमानतळावरून आणून घोडी महिनाभर वेगळी ठेवली होती, ती काल शाळेत आली. मी संदेशच्या गाडीतून गेलो, फेटा बांधून. तुझ्या मामीलाही यायचे होते, म्हणाली की स्पेनची सून बघायची आहे.

गाडीची फळी पाडली तरी घोडी खाली उतरेना. तिथल्या माणसांनी दोर ओढला, तिने चारी पाय रोवले. मी सगळ्यांना बाजूला केले, आत जाऊन तिच्या शेजारी नुसता उभा राहिलो. पाच मिनिटांनी तिने माझा खिसा हुंगला. सफरचंद तू लिहिले होतेस, म्हणून नेले होते. मग मी उतरलो तशी माझ्यामागे उतरली.

प्रमोदिनीबाईंच्या सासूबाई आरतीचे ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हात आखडला आणि विचारले, दौलतराव, हिच्या डोळ्याखाली हे काय? सगळे माझ्याकडे बघू लागले. टेंभी नाक्यावर बघत होते तसेच. मी सांगितले की भोवरा आहे, नुसते केस आहेत. आणि मग चांदणीचे सगळे सांगितले, तंगासकट. सासूबाई म्हणाल्या की मग इतकी वर्षे आम्ही तुम्हाला विचारत आलो ते कशाला.

प्रमोदिनीबाईंनी ताट आपल्या हातात घेतले आणि घोडीला कुंकू लावले. मला एवढेच म्हणाल्या की रोज सकाळी सातला या, मुलांच्या आधी तंग तुम्हीच तपासायचा. आजपासून जातो आहे. तीनदा तपासतो.

बाकी क्षेम. लवकर ये.
मामा

ता. क. मी मालन. यांनी एक गोष्ट लिहिली नाही. सगळे पांगल्यावर घोडीने यांच्या खांद्यावर डोके टेकवले आणि हे रडले, फेट्याचा शेव ओला होईपर्यंत. लग्नापासून दुसऱ्यांदा पाहिले. पहिल्यांदा माथेरानहून उतरताना. म्हणून भोवरा खोटा असे तुझ्या मामांनी कितीही सांगितले तरी ही घोडी रडवते, हे मी डोळ्यांनी बघितले आहे. तुझे चित्र टपालाच्या पेटीत कधी पडलेच नाही. यांच्या ट्रंकेत लग्नाच्या फेट्याखाली होते. आज सकाळी हे ते पालोमाच्या दारावर लावून आले.