टाकी ८२ टक्के, घरी सर्व ठीक

१० मार्च, सोमवार. सकाळी ७.

पुष्पांजली काल माहेरी गेली. खामगावला. मेहुणा हरिओम मोटारसायकल घेऊन आला आणि ती मागे बसून गेली. कारण क्षुल्लक. बोअरची मोटार बंद करायची राहिली, टाकी भरून वाहिली आणि पाणी भिंतीपलीकडे सरवरीभाभींच्या अंगणात पडलं. तिथे खाटेवर ईदच्या शेवया वाळत होत्या. खाट आमच्याच भिंतीला का लावायची, हे कोणी विचारत नाही. ही पाचवी वेळ, असं पुष्पांजली म्हणते. माझ्या हिशेबाने चौथी.

पाडवा ३० तारखेला आहे. त्याआधी ती घरी आली पाहिजे.

सकाळी ११. कॉलेजच्या लॅबमध्ये.

फोन करणार नाही. फोनवर कोणीही काहीही बोलतं. पुरावा पाहिजे. टाकीत सेन्सर लावायचा, तो एका छोट्या बोर्डाला जोडायचा आणि बोर्डावर वेब सर्व्हर चालवायचा. आगपेटीएवढा बोर्ड. तो टाकीत किती पाणी आहे त्याचं पान दाखवेल. पुष्पांजली खामगावात बसून पाहील की टाकी वाहत नाही. आपोआप येईल. वीस वर्षं लॅब असिस्टंट आहे, जानेफळात हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. तीन दिवस पुरे.

१५ मार्च, शनिवार.

बोर्ड आणि सेन्सरचं पार्सल आजच आलं. म्हणजे माझे तीन दिवस आजपासून.

सर्व्हर म्हणजे काय ते वाचलं. तो एका जागी बसून असतो. कोणी विचारलं तर उत्तर देतो, नाही विचारलं तर गप्प. माझा मूळ स्वभाव हाच आहे. पुष्पांजलीला त्यात दोष दिसतो.

१६ मार्च, रविवार.

प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवला. वायफायला जोडताना बोर्ड स्क्रीनवर टिंबं छापतो. दोन तास टिंबंच छापली. पासवर्ड चुकतो आहे. पासवर्ड म्हणजे पुष्पांजलीचं नाव, इंग्रजीत. सात प्रकारे लिहून पाहिलं. शेवटी तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स शोधली. शेवटी आय हे अक्षर एकच आहे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण नाव इंग्रजीत लिहायची वेळ कधी आली नव्हती.

दुपारी ४. पान उघडलं! काळ्या अक्षरांत: टाकी ८२ टक्के. डोळ्यांत पाणी आलं. पान समोर ठेवून खिचडी खाल्ली. सलग सातवा दिवस खिचडी.

संध्याकाळी ६. पुष्पांजलीला व्हॉट्सअॅपवर पत्ता पाठवला. 192.168.1.7. खाली काही लिहिलं नाही. पान स्वतःच बोलेल.

१८ मार्च, मंगळवार.

लाइट गेली, आली, आणि बोर्डाचा पत्ता बदलला. आता शेवटी 9. नवा पाठवला. दुपारी पुन्हा लाइट. आता 4. तोही पाठवला. तिचं उत्तर आलं: कोणाचे नंबर पाठवून राह्यले? म्हणजे बघते आहे. लक्ष आहे तिचं.

२० मार्च, गुरुवार.

चहाच्या टपरीवर उकंडरावांना सहज म्हणालो, माझ्या घरी सर्व्हर आहे. चूक झाली. आपल्याकडे सर्व्हर हा शब्द लोकांनी एकाच ठिकाणी ऐकलेला आहे. रेशनच्या रांगेत, आणि तोही नेहमी डाऊन.

संध्याकाळी ५. दारात चौदा माणसं. हातात रेशनकार्ड, आधार, एकाकडे पीकविम्याची पावती. सगळ्यांत पुढे गोजरबाई. म्हणाल्या, "गोकुळभाऊ, सर्व्हर तुमच्या घरी हाय, अन् आमी तीन दिस झाले तिकडं रांगेत उभ्या. काऊन दाबून ठेवला?" समजावून सांगितलं की हा टाकीचा सर्व्हर आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि बोर्डावर अंगठा दाबला. एक वायर निघाली. बोर्ड बंद पडला. गोजरबाई मागे वळून सगळ्यांना म्हणाल्या की डाऊन आहे, उद्या या. लोक शांतपणे गेले.

२३ मार्च, रविवार.

वायर जोडली. पानावर आता मोजणीही टाकली आहे, पान किती वेळा पाहिलं गेलं त्याची. नव्या पत्त्यासह पाठवलं.

घर फार शांत आहे. मोटार चालू असते तेवढाच आवाज. तिच्या बांगड्या नाहीत, हाका नाहीत. मला एकाग्रतेसाठी हेच हवं होतं, असं पूर्वी वाटायचं.

२५ मार्च, मंगळवार. रात्री ८.

मोजणी: ३४१२. दोन दिवसांत. तीन हजार चारशे बारा वेळा तिने पाहिलं. जेवण तरी करते की नाही? इतका जीव असेल याची कल्पना नव्हती. टाकीच्या आकड्याखाली एक ओळ टाकली: घरी सर्व ठीक. शेवयांबद्दल खेद आहे.

२६ मार्च, बुधवार.

मोजणी ५०९०. लाइट गेली नाही, पत्ता तोच. ओळ वाढवली: खिचडी चांगली होत नाही. तू ये. हे तोंडाने म्हणणं मला जमलं नसतं. पानावर जमलं. रडू आलं, पण मोकळं वाटलं.

२८ मार्च, शुक्रवार.

पाच हजार वेळा पाहून ती आली नाही. काही उत्तरही नाही. एवढं निष्ठुर कोणी असतं? पाडवा परवा.

दुपारी शाइस्ता आली, सरवरीभाभींची मुलगी. पॉलिटेक्निकला शिकते. मोटार बंद करा सांगायला आली होती. टाकी वाहत होती. पान ८२ टक्केच दाखवत होतं. सेन्सरला कोळ्याने जाळं केलंय म्हणे. तिला मोजणी दाखवली. तिने पत्ता पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका, हा पत्ता घरातल्या घरातच चालते. खामगावले कसा दिसन?"

मी विचारलं, मग पाच हजार वेळा पाहिलं कोणी?

"तुम्हीच. तुमच्या मोबाईलवर पान उघडंच हाये. दर दहा सेकंदाले आपोआप पाहून राह्यलं."

ती गेल्यावर मोटार बंद केली. दोन ओळी मी मलाच वाचून दाखवल्या होत्या.

२९ मार्च, शनिवार. संध्याकाळी.

फोन केला. वीस दिवसांत पहिला. तिने लगेच उचलला. मी म्हणालो, मी. ती म्हणाली, "आठ दिवसांनी न्याले या म्हटलं होतं मी तुमाले. हरिओमच्या गाडीवर बसता बसता. तुम्ही हाव म्हटलं. मी नवव्या दिवसापासून बॅग भरून बसली."

रागावलीच नव्हती. माहेराहून बाईला कोणी न्यायला यावं लागतं, एवढंच होतं. मी इथे तिची वाट पाहत होतो, ती तिथे माझी.

मग बरंच बोलली. तेवढ्यात बोर्डावरचा निळा दिवा उगाच लुकलुकला, जरा तिकडे लक्ष गेलं. पण रोख स्पष्ट होता. दोनतीनदा हो म्हटलं. फोन ठेवल्यावर बोर्ड काढून कपाटात टाकला. उद्या पहिल्या गाडीने खामगाव. यापुढे बायकोचं प्रत्येक वाक्य ऐकायचं, हा पाडव्याचा संकल्प.

३० मार्च, रविवार. पाडवा. खामगाव, सकाळी १०.

घराला कुलूप लावून, इस्त्रीचा शर्ट घालून आलो. हरिओमच्या दारात गुढी उभी. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि विचारलं, भाऊजी, तुम्ही इथं कसे? पुष्पांजलीताई पहाटेच्या गाडीनेच जानेफळला गेल्या. काल फोनवर सांगितलं ना त्यांनी, सणाच्या दिवशी तुम्ही नका येऊ, घरीच थांबा, मीच येते. तुम्ही हो म्हणालात.

खामगाव स्टँड, १०.४०.

फोन लावला. ओट्यावर बसली आहे, बॅग मांडीवर घेऊन. गुढीसाठी आणलेला कडुनिंब सुकत चालला म्हणे. चावी माझ्या खिशात. परतीची गाडी साडेअकराला.

रागावली नाही. म्हणाली, "आता मी जे सांगून राह्यली, ते तरी नीट ऐका."

मी हो म्हटलं. मग ती एकदोन मिनिटं बोलली. समोर गाडी लागत होती, ती कुठली ते पाहिलं. जानेफळवरून जाणारी मेहकरची नव्हती.

काय म्हणाली, ते गाडीत बसल्यावर आठवून पाहतो.