मायसीनीची विहीर

१७ मे १९७८, अथेन्स

आज मायसीनीचा पडका किल्ला पाहिला. पाहिला म्हणायचं. हजारो वर्षांपूर्वीचे ते दगड, आणि प्रत्येक भिंतीपाशी यांचं एकच, "आमच्या पन्हाळ्यापुढं हे काय हाय?" कोल्हापूर सोडून इतक्या लांब आलो ते हेच ऐकायला?

मला विहीर बघायची होती. किल्ल्याच्या टोकाला जमिनीखाली पायऱ्या जातात, मिट्ट अंधारात. कॉलेजात वाचलं तेव्हापासून ती जागा मनात आहे. मी टॉर्चसुद्धा घेतला होता. तोंडाशी पोचलो तर हे बाहेरच दगडावर बसले.

"पन्हाळ्याच्या अंधारबावीसारखीच असणार की. त्यात काय बघायचं? चल, बस सुटंल."

बस सुटायला अवकाश होता. मी थोड्या पायऱ्या उतरले. खालून गार हवा आली. वरून पुन्हा हाक, "अगं, चल की!" मी परत वर आले. का आले?

संध्याकाळी जेवताना हे सहलीतल्या लोकांना त्या विहिरीचं वर्णन करून सांगत होते. मला राहवेना. "अहो, निदान अंधारबावीत तरी उतरलाय का कधी?"

"न्हाय बा. तसल्या अंधारात छाती धडधडती माझी."

सगळे हसले, हेही हसले. मला हसू आलं नाही. यांनी हे तिथंच सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, बसा इथंच, मी जाऊन येते.

पण यांनी काही न सांगताही मला तसं म्हणता आलं असतं. उद्या सकाळी परतीचं विमान आहे.