अप्पांचा आवाज आणि नवा लॅपटॉप

मंगळवार, तंजावूर

काल लिहिलं की दुकानातल्या लॅपटॉपवर लिनक्स नीट चाललं. ते खोटं आहे. पेनड्राइव्हवरून सुरू झालं, पण स्पीकरमधून आवाज आलाच नाही. दुकानदार म्हणाला, "नंतर येईल, अम्मा." मी मान डोलावली. का?

पक्षाघाताने वाचा गेल्यापासून माझे वडील, अप्पा, टाइप करतात आणि लॅपटॉप ते बोलून दाखवतो. प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला, विंडोजवर नाही, लिनक्सवरच चालणारा. तो जुना लॅपटॉप आता दिवसातून तीनदा बंद पडतो. मग अप्पा मुके.

आई म्हणते, "घे गं तोच, किती दुकानं पालथी घालशील?" अप्पांनी टाइप केलं, "आवाज ऐकलास?" घरी बसवून ज्यांनी अक्षरं शिकवली, त्यांनाच मी "हो" म्हटलं.

उद्या दुकान बंद. गुरुवारी सकाळी त्यांना खरं सांगेन आणि ऑटोने दुकानात नेईन; आवाज येतो का, ते स्वतःच तपासतील.