मधली रेष

३ नोव्हेंबर, सोमवार
आज लॅपटॉप थरथरला! अक्षरशः. सकाळी अपडेट झालं आणि पडद्यावर आडव्या पट्ट्या धावायला लागल्या. सयाजींचं ड्रॉइंग मधोमध फाटल्यासारखं. (समोर 'अहो', पण इथे नाव लिहिते. पस्तीस वर्षांची चोरटी मजा.)

नवनाथच्या काळेवाडीच्या वर्कशॉपसाठी एका सुट्या भागाचं ड्रॉइंग आहे, रविवारपर्यंत द्यायचंय. आकुर्डीच्या कारखान्यात साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममधून निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं हे नुसते गॅलरीत बसून असायचे. "हे जमलं तर दर महिन्याला देतो, काका," असं नवनाथ म्हणाला, तेव्हापासून दाढी रोज होते!

म्हणजे पडदा दुरुस्त व्हायलाच हवा. विंडोजच्या जागी आलेल्या लिनक्सला ते हात लावत नाहीत — "तुझ्या लेकीने टाकलंय, तूच निस्तर."

४ नोव्हेंबर
स्वरूपाचा फोन. "आई, सुरू होताना एस्केप दाब आणि जुना कर्नल निवड." कर्नल म्हणजे सगळ्याच्या आतला गाभा. नवा आला तरी मशीन जुना जपून ठेवतं! मीही शाळेचा निळा बेल्ट अजून ठेवलाय की.

दाबलं. काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट उभं करून वाचायला लावायच्या, तशी मोठ्याने वाचली. निवडलं. थरथर गायब!!

सयाजींनी चष्मा पुसला. "मधली रेष अजून वाकडी आहे."

मला सरळ दिसते.

५ नोव्हेंबर
"तुझे दोन्ही डोळे ऑपरेशनचे. माझे अजून कंपनी फिटिंग!" खरंच आहे. केसाएवढा फरक ते नुसत्या नजरेने सांगायचे. त्यांना दिसते म्हणजे वाकडी असणारच.

टूलरूमचा नियम — एका वेळी एकच बदल, आणि लिहून ठेवायचा. लिहिते. लॉगिनच्या वेळी वेलँड ही नवी पडदा-व्यवस्था सोडून जुनी एक्स११ घेतली: वाकडी. रिझोल्यूशन कमी केलं: वाकडी, शिवाय अक्षरं भोपळ्याएवढी. परत होतं तसं केलं.

६ नोव्हेंबर
वाकडी.

७ नोव्हेंबर
आज काय सुचलं! केबल लावून लॅपटॉप टीव्हीला जोडला. पॅनेल बिघडलं असेल तर टीव्हीवर रेष सरळ यायला हवी. ते म्हणाले, तिथेही वाकडी. म्हणजे पॅनेल निर्दोष, दोष आत, पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये. सिस्टरांनी शाबासकी दिली असती.

संध्याकाळी नवनाथ आला. "राहू द्या काका, टेन्शन नका घेऊ. भोसरीत एक जण आहे, त्याच्याकडून करून घेतो."
"रविवार म्हणजे रविवार," हे म्हणाले.
तो गेल्यावर चहा तसाच निवला.

८ नोव्हेंबर
दाढी नाही.

ड्रायव्हर बदलला. वाकडी. माझ्या यादीत आता काहीच उरलं नाही. त्यांना विचारलं, "टूलरूममध्ये माप पटलंच नाही तर काय करायचात?"
"आधी गेज तपासायचो. जॉबला नावं ठेवण्याआधी मोजणारं हत्यार बघायचं. माझं एकही गेज तारखेच्या स्टिकरशिवाय वापरलेलं नाही. वर्षाच्या वर्षाला कॅलिब्रेशन, हत्यार अजून अचूक मोजतंय का याची तपासणी!"
किती दिवसांनी एवढं बोलले. मोजणारं हत्यार... भाजी चिरताना तेच डोक्यात.

९ नोव्हेंबर, रविवार
कपाटातून शाळेची क्रॉस-स्टिचची वही काढली. चौकटीचा कागद, त्यावर माझा अर्धवट गुलाब. त्यांच्यासमोर धरली.
"रेषा कशा दिसतात हो?"
"मधे वाकड्या. छपाईच खराब आहे."
माझ्या हाताने त्यांचा उजवा डोळा झाकला.
"आता सरळ!"
मग डावा झाकला.
त्यांनी वाकड्या दिसणाऱ्या रेषेवरून बोट फिरवलं. मग हळूच — "माझंच कॅलिब्रेशन राहिलं की गं."
कागदाला ड्रायव्हर नसतो. उद्या सकाळी पहिल्या नंबरला डोळ्यांचे डॉक्टर.
हात त्यांच्या डोळ्यावरून काढवेना.