पूर्वेची भिंत कोरडी

३ नोव्हेंबर

कॅफेच्या भिंतीवर धरणाच्या रोजच्या नोंदीचा नवा कागद लागला. काय देखणा! तारीख, पातळी, शेरा — तिन्ही रकाने ओळंबा लावल्यासारखे सरळ. नात रीम जलखात्यात आहे, संगणकाला तिनेच शिकवलं. "आजोबा, प्रत्येक रकान्याला रुंदी ठरवून दिलीय. मजकूर कमी पडला तर पुढे मोकळी जागा भरतो, जास्त झाला तर कापतो."

शाळेत आम्ही मास्तर फळ्यावर अरबी कवितेच्या ओळीचे दोन अर्धे समोरासमोर लिहायचो. एक आखूड पडला की अक्षराची शेपटी ओढून बरोबरीला आणायचो. कापत मात्र नव्हतो.

५ नोव्हेंबर

पाऊस. जैतून अजून झाडावरच. कागदावर शेरा रोज तोच — "पूर्वेची भिंत कोरडी". लिहिणारा धरणावरचा राखणदार शाज्ली, माझाच विद्यार्थी. एक ओळ विचारली की चार म्हणायचा. इतका मितभाषी कधी झाला?

६ नोव्हेंबर

लेकीकडे, नझीहाकडे, लबलबी खाल्ली, चण्यांचा गरम रस्सा. तिचं घर धरणाच्या खाली, नदीच्या काठाला. एरवी कोरड्या असणाऱ्या याच पात्रात फिरत मी पाठांतर करायचो. आज पाणी होतं, तांबडं. म्हटलं, थोडे दिवस वर माझ्याकडे राहा. "बाबा, तुमचं आपलं काहीतरी. कागद वाचलात ना? कोरडी आहे भिंत."

८ नोव्हेंबर

शेरा जिभेवरून जात नाही. चालीत म्हणून पाहिला. अर्ध्यावर थांबतो, कान पुढचा अर्धा मागतो. पूर्वेची म्हणणारा माणूस पश्चिमेचीही म्हणणारच.

९ नोव्हेंबर

रीमला सांगितलं. हसली. "तुम्हाला किराण्याच्या यादीतही यमक लागतं. शाज्लीकाका पाल्हाळ लावतात, म्हणून तर रुंदी ठेवली."

"ते पाल्हाळ जातं कुठे?"

"असतं आत संगणकात. कोण बघतंय? कागद सुरेख दिसतो, साहेब खूश आहेत."

१० नोव्हेंबर

शाज्लीचा फोन लागत नाही. पाऊस.

११ नोव्हेंबर

लागला.

"मास्तर, मी रोज लिहितो की. कोणी काही बोललं नाही, म्हटलं वाचलं असेल."

म्हणून दाखव म्हटलं. वर्गात उभा राहायचा तसाच एका दमात म्हणाला — "पूर्वेची भिंत कोरडी, पश्चिमेच्या पायथ्याशी झरा, पाणी गढूळ, सोबत माती, कालच्यापेक्षा जास्त."

खात्यात जाऊन रीमला तेच ऐकवलं. तिने संगणकात शोधलं, रोजचा शेरा पूर्ण सापडला. मग कोट न घालताच साहेबांकडे पळाली. साहेब म्हणाले, राजधानीहून अभियंते परवा येतील.

नझीहाला फोन केला — आत्ता वर ये.

"भट्टीत भाकऱ्या आहेत, बाबा. आणि कॅफेवरूनच आले मी. कोरडी लिहिलंय. आपल्या रीमचा कागद आहे, चुकेल का?"

पश्चिमेची ओली आहे, म्हटलं. म्हणाली, पश्चिमेचं तर काहीच लिहिलेलं नाही.

१२ नोव्हेंबर

आजचा कागद सकाळीच आला. शेऱ्याची रुंदी रीमने तिप्पट केली होती. गरज पडली नाही. शाज्लीने चारच शब्द पाठवलेत —

"पूर्वेची भिंत ओली झाली."

पुढे कडेपर्यंत मोकळी जागा. नझीहा अजून खालीच आहे.