तू वाहू दिलास तो कान

माय, मेलेल्या माणसावर राग धरून उपयोग न्हाय हे मला कळतं. तरी आज धरलाय. सोमवारी सोलापूरला माझा डावा कान फाडणार हायेत, आन् ते तुझ्यामुळं.

फाडणार म्हणजे कानाच्या मागं चीर देऊन आतलं सडलेलं हाड घासून काढणार. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. तिनं कानात बारकी नळी घातली आन् टीव्हीवर माझाच कान मला दाखवला. कानाच्या पडद्याला भोक पडलंय, आन् त्या भोकातून कातडं आत शिरून पांढरं पांढरं वाढत बसलंय. ते हाड खातंय. ऐकायची तीन इवलीशी हाडं असतात म्हणं आत, त्यातलं एक कधीच खाऊन झालंय. उठलं की घर फिरायचं, भिंत धरावी लागायची, आन् मी आपली पित्ताला शिव्या देत होते. ती म्हणाली, "आजी, लहानपणापासून वाहतो का कान?" म्हणलं, व्हय. "मग तेव्हा कुणाला दाखवला नाही?" "दाखवला की. माझ्या मायला." "त्यांनी काय केलं?" "तेल घातलं." "आता कुठं असतात त्या?" "सुटली ती," मी म्हणलं. माझा पोरगा तिकडं तोंड करून हसला.

मला अजून दिसतं, तू चुलीपुढं बसलीयस. पळीतल्या तेलात लसूण तडतडतोय. माझं डोकं मांडीवर दाबून धरलंस आन् म्हणतीयस, "हलू नगं, भाजंल." न हलताबी भाजायचंच. मग पिवळं पाणी यायचं, उशीला घाण वास लागायचा, आन् तू खूश. "वाहू दे. घाण भाईर पडतीया. बंद केलं तर मेंदूत चढंल." गल्लीतल्या समद्या बाया हेच म्हणायच्या, पण त्यांच्या लेकरांचे कान आपसूक बरे झाले, माझा राहिला. आता डॉक्टरीण म्हणती, वाहत राहिला म्हणूनच मेंदूकडं जायची भीती. सगळं उलटं, माय! इतकं उलटं इतक्या ठसक्यात कसं बोलायचीस तू? गुरुजी घरी आले, म्हणाले पोरीचं लक्ष नसतं. ह्या कानानं तिला ऐकू येत न्हाय, एवढं तू त्यांना सांगायचं होतंस. तू म्हणलीस, "मंग ठिवते घरी." झाली चौथीत शाळा.

आन् ते अत्तर. मला बघायला पाव्हणे येणार, आन् कानाला वास. तू भूमच्या बाजारातून हिन्याची कुपी आणलीस, कापसाचा फाया भिजवून कानात कोंबलास, आन् वाहता कान भिंतीकडं, चांगला कान पाव्हण्यांकडं असं मला बसवलंस. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी शौकीन दिसती." मग जन्मभर शौकीनच. रोज फाया घालायचा, न घालून करते काय? नणंदा नाक मुरडायच्या, "वैनी शेण काढायलाबी अत्तर लावून जाती." खरं सांगायची तू बंदी घातलेली, कळलं तर नांदवणार न्हायत म्हणालीस. पहिल्या माहेरपणाला आले तवा मी रडत म्हणलं, माय, ऐकू लई कमी येतंय. तू भाकरी थापत होतीस. मान वर केली न्हाईस. "बरं हाय की," म्हणलीस, "सासूचं अर्धंच ऐकू यील." आन् मला हसू आलं. त्या हसण्याचा आज जास्त राग येतोय. रडायला आले होते मी, तू हसवून परत धाडलंस.

तोंडाची शीर त्याच हाडातून जाती म्हणं. धक्का लागत न्हाय सहसा, पण तोंड वाकडं होऊ शकतं हे आधी सांगावं लागतं, असं डॉक्टरीण म्हणाली. सून लगेच म्हणली, "आत्याबाई, तोंड वाकडं झालं तरी तुमची जीभ सरळच चालंल." चांगली भेटलीय मला. मी डॉक्टरणीला विचारलं, ऐकू तरी यील का? तर म्हणाली, सांगता येत नाही. मग कापताय कशाला? "आजी, हे ऐकू येण्यासाठी नाही. जगण्यासाठी आहे." मग म्हणलं, कापा.

हे लिहिलेलं कुठं धाडायचं न्हाय. तू जिती असतीस तरी तुला वाचता कुठं येत होतं. घरात समद्यांना सांगून ठिवलंय, मला काय भ्या न्हाय, गुंगीत पडायचं आन् उठायचं. पोरगा बॅग भरतोय, सून कामाला लागलीय, समदे निवांत हायेत. भ्या वाटतंय, माय. लई वाटतंय. माझ्याहून मोठं घरात कुणी उरलं न्हाय, मग सांगायचं कुणाला? म्हणून तुला. राग हाय तो हायच.