एका घरातले दोन कॉम्प्युटर

बाबा, धाकटी आज संध्याकाळी उरणला परत जाणार आहे आणि तुझा आवाज आज दुपारपर्यंत माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये अडकलेला होता, म्हणून लिहायला बसले. तुला बोलतं करून मी ज्या कॅसेटी भरल्या, त्या मागे त्यात उतरवून ठेवल्या होत्या, दर कॅसेटची एक फाइल. आता तो अर्धा तास चालतो आणि तापून आपोआप बंद पडतो. पेन ड्राइव्ह लावायच्या त्याच्या जागा केव्हाच निकामी झाल्या आहेत. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, एकच मार्ग आहे. घरच्या वायफायच्या डब्यातून हा आणि नवीन, दोन्ही जोडा आणि फायली तिकडे ओढून घ्या. पण लवकर करा, याचा भरवसा नाही." तुला यातलं काही कळणार नाही. मलाही तीन दिवस कळलं नाही, आणि कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेल्या बाईला हे कबूल करणं जड जातं.

दोघेही एकाच डब्याला जोडलेले, दोघांवर इंटरनेट नीट चालतं, पण एकमेकांच्या यादीत दोघे दिसत नाहीत. एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला हाक मारून पाहायची एक सोय असते, ती मी कागदावर उतरवून शिकले. नव्याने जुन्याला हाक मारली की चार ओळींत उत्तर येतं. जुन्याने नव्याला मारली की काही नाही, नुसतं वाट पाहून थांबल्याचं कळतं. दोघांच्या मधे एक भिंत, घर एकच, मग हाक एकीकडूनच कशी पोचते? मी जुन्याची वायर बदलली, धूळ झटकली, पासवर्ड बदलला, त्याला दहादा बंद-चालू केलं. तो म्हातारा, म्हणजे दोष त्याचाच, हे मी धरूनच चालले होते. धाकटी दारात बसून वाल सोलत होती. "ताई, दोगांचं भांडान हाय काय? एकाला चा दे, एकाला पानी दे, बोलतील." मी म्हटलं, गप्प बस. मी असं म्हटलं की ती हसते, लहानपणापासून.

मिठागरातली एक सकाळ आठवली. मी अकरा वर्षांची आहे, शेवटच्या वाफ्यात पाणी येत नाही आणि मी खाडीच्या दिशेने धावत सुटते, कारण पाणी तिकडूनच येतं. तू मागून ओरडतोस. "खाडीकडं काय बगतेस? ज्याला पानी नाय त्याच्यापासून चालत ये." मग आपण त्या कोरड्या वाफ्यापासून उलटे निघतो, प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी तू वाकून हात घालतोस, आणि तिसऱ्या तोंडाशी चिखलाचं ढेकूळ सापडतं. तू ते काढून माझ्या हातात देतोस, वजन बघ म्हणून.

मग आज दुपारी जुन्याला सोडलं आणि नव्यासमोर बसले, कारण फायली मिळत नव्हत्या त्या त्याला. एकेक पान उघडत गेले. विकत घेतला तेव्हा त्याने विचारलं होतं, हे जाळं घरचं आहे की सार्वजनिक जागेतलं? मी सार्वजनिक म्हटलं होतं. नवीन पनवेलच्या आमच्या इमारतीत सगळ्या शेजाऱ्यांचे वायफाय दिसतात, तेव्हा सावध राहिलेलं बरं, असा विचार केला होता. म्हणून तो घरातूनच आलेली हाकही परक्याची समजून दार लावून बसला होता. मी 'घरचं' केलं आणि थोड्या वेळाने जुन्याचं नाव यादीत आलं. धाकटीला समजावून सांगितलं तर म्हणाली, "तुज्यावरच गेलाय. घरातल्यांना पन ओलख विचारतो."

पहिल्या पाच फायली आल्या. सहावी येताना जुना बंद पडला. त्याच्यासमोर टेबलफॅन लावून आम्ही बसून राहिलो, आणि मला सातवीची काळजी लागली.

त्या सगळ्या कॅसेटींत तू गळ्यापर्यंत बटणं लावून बसला आहेस आणि पुस्तकासारखं बोलतो आहेस. "आम्ही मीठ तयार करीत होतो." असं तू कुणाशी बोलायचास? कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझ्या मैत्रिणी घरी आल्या होत्या, तू त्यांना "चा घ्या, लाजू नका, आमच्यात तसं काय नाय" म्हणालास आणि मी त्यांच्यादेखत म्हटलं, 'नाय' नाही बाबा, 'नाही'. तू हसलास. त्यानंतर माझ्याशी बोलताना तू शब्द निवडायला लागलास. माझ्या शिक्षणाचा मान ठेवतोस, असं मी समजत आले. सातव्या कॅसेटच्या वेळी मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि टेपचं मशीन चालूच राहिलं. धाकटी तुझ्याजवळ येऊन बसते आणि तू तिला म्हणतोस, "थोरली समोर असली की तोंड धुवून बोलावं लागतं. मंग बोलनंच नाय होत." मग तुम्ही दोघं हसता, खूप वेळ.

तू गेल्यानंतर मी ते पहिल्यांदा ऐकलं. धाकटीला सांगितलं, सातवी ओल लागून खराब झाली. पुढे कितीदा ऐकलं तरी ती तक्रार होती की थट्टा, हे मला ठरवता येत नाही. हसण्याकडे लक्ष दिलं की थट्टा वाटते, शब्दांकडे दिलं की वाटत नाही. तिला ते आठवत नसावं. आठवत असेल तर इतकी वर्षं ती मला काही बोलली नाही, आणि त्याचा अर्थ काय लावायचा हेही मला समजत नाही.

जुना पुन्हा चालू झाला. सहावी आली. या घटकेला त्याची वायर काढली असती तर सातवी त्याच्यासोबतच गेली असती आणि मला पुन्हा खोटं बोलावंही लागलं नसतं. धाकटी आत पिशवी भरत होती. मी सातवीवर बोट ठेवलं. ती यायला चार मिनिटं लागली.

ग्रंथालयाच्या सवयीने नोंद करून ठेवते. धाकटीला दिलं: पेन ड्राइव्ह एक, कागदात गुंडाळून. त्यात बाबांच्या आवाजाच्या फायली, एक ते सात. सातवी कधीच खराब नव्हती, हे तिला तोंडाने सांगितलेलं नाही.